प्रस्तावना : उंचीनंतरचे कोन

लिफ्ट किट बसवल्याने डिफरन्शियल जमिनीपासून एक मिलिमीटरही वर जात नाही. जीपवाल्यांच्या बैठकीत हे वाक्य टाकलं की निम्मी बैठक अंगावर येते, पण गोष्ट खरी आहे. ज्या गाडीचा ॲक्सल अखंड आहे, म्हणजे दोन चाकांना जोडणारं एकच हाउजिंग आणि त्यातच डिफरन्शियलचा फुगवटा, तिथे तो फुगवटा जमिनीपासून किती वर राहणार हे फक्त टायर ठरवतो. पाटे वाढवा, शॅकल लांब करा, ठोकळे घाला. वर जाते ती चेसिस, बॉडी आणि आत बसलेली माणसं. 205/70 आर 15 मापाचा टायर काढून 235/75 आर 15 चढवला की व्यास साधारण 65 मिलिमीटरनी वाढतो आणि त्याच्या निम्म्याने, म्हणजे जेमतेम 32-33 मिलिमीटरनी, डिफरन्शियल वर येतं. ओढ्यातल्या काळ्या धोंड्यावर घासणारा भाग तोच. लिफ्टचं काम एवढंच, की हा मोठा टायर मडगार्डला न लागता फिरावा, चाकाला खाली-वर व्हायला जागा मिळावी आणि बांध ओलांडताना गाडीचं पोट टेकू नये.

हे आधीच सांगायचं कारण असं, की आपल्याकडे उंची हीच मिळकत समजली जाते आणि ती इंचांत विकत घेतली जाते. दोन इंच, तीन इंच, जमलं तर पाच. पण इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि स्टेअरिंग बॉक्स चेसिसला टांगलेले असतात, तर ॲक्सल चाकांबरोबर खालीच राहतो. या वरच्या आणि खालच्या सामानाला जोडणारा प्रत्येक दुवा, मग तो प्रोपेलर शाफ्ट असो, ड्रॅग लिंक असो की ब्रेकचा होज, उंची वाढताच तिरका होतो किंवा ताणला जातो. तो तिरकेपणा मोजायचा कसा, किती चालवून घ्यायचा आणि कुठे सरळ करायचा, हा या पुस्तिकेचा विषय. मराठीत या विषयावर जे ज्ञान आहे ते बहुतेक गॅरेजमध्ये, तोंडी आणि तुटक आहे. लेखक स्वतः गॅरेज चालवतात आणि पुस्तिका त्यांनी हात काळे करणाऱ्यांसाठीच लिहिली आहे, हे पानापानावर जाणवतं.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत महिंद्रांनी विलिसच्या जीपची जुळणी सुरू केली आणि पुढची कित्येक दशकं तालुक्याच्या गावी सरकारी गाडी म्हणजे जीप हे समीकरण राहिलं. 1985 च्या अखेरीस मारुतीची जिप्सी आली. या सगळ्या गाड्या पुढे-मागे अखंड ॲक्सलच्या आणि पाट्यांच्या. पाट्यांची गाडी उंच करायला फार अक्कल लागत नाही. यू-बोल्ट सोडा, पाटे बदला, यू-बोल्ट आवळा. हा सोपेपणाच फसवा आहे. गुंडाळी स्प्रिंगच्या गाडीत निदान ॲक्सलला जागेवर धरणारे दांडे वेगळे दिसतात आणि त्यांचं काय झालं असेल असा प्रश्न तरी पडतो. पाटा मात्र वजन झेलण्याबरोबरच ॲक्सल धरण्याचं कामही गुपचूप करत असतो.

आता शाफ्टकडे वळू. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांना जे क्रॉस असतात, त्यामागची कल्पना जुनी आहे. सोळाव्या शतकातल्या कार्दानो या इटालियन गणितज्ञाचं नाव तिला चिकटलं आणि सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने तिचा बारकाईने अभ्यास केला. मोटारीसाठीच्या क्रॉसचं पेटंट अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसरने 1903 मध्ये मिळवलं. त्या काळात साखळीवर चालणाऱ्या मोटारी सर्रास होत्या. या क्रॉसमध्ये एक जन्मजात खोट आहे. तो सरळ रेषेत असेल तर काही बिघडत नाही, पण कोनात वाकून फिरू लागला की आत येणारी गती एकसारखी असली तरी बाहेर पडणारी गती एकसारखी राहत नाही. दर फेऱ्यात दोनदा ती वाढते आणि दोनदा कमी होते. कोन 3 अंशांचा असेल तर हा चढउतार सुमारे 0.14 टक्के, कोणाच्या लक्षातही येणार नाही. 10 अंशांना तो दीड टक्का होतो आणि 20 अंशांना सहा टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे कोन दुप्पट झाला की त्रास चौपट.

हे आकडे कागदावर किरकोळ वाटतात. 28 इंच व्यासाचा टायर आणि 4.1 चा क्राउन-पिनियन धरला, तर ताशी 60 किलोमीटरला शाफ्ट सेकंदाला तीसएक फेरे घेतो. प्रत्येक फेऱ्यात दोन हिसके, म्हणजे सेकंदाला साठ. बुडाखालून येणारी ती घोंघों, गिअरच्या दांड्याची थरथर आणि काही हजार किलोमीटरनंतर ट्रान्स्फर केसच्या सीलमधून गळणारं तेल, या सगळ्याचं मूळ तिथे असतं. शाफ्ट बनवणाऱ्यांच्या तक्त्यांत मिनिटाला 5000 फेऱ्यांसाठी क्रॉसचा कोन सुमारे 3 अंशांपर्यंत आणि 3000 फेऱ्यांसाठी सुमारे 6 अंशांपर्यंत ठेवावा असं सांगितलेलं असतं. आपल्या वरच्या हिशेबात 3000 फेरे म्हणजे ताशी शंभराच्या आसपास. लिफ्ट केलेल्या जीपचा मालक साठपर्यंत छान आहे, ऐंशीला धरते, असं का म्हणतो ते यावरून कळावं.

एका क्रॉसची खोट दुसरा क्रॉस भरून काढतो, म्हणून तर शाफ्टला दोन क्रॉस. पहिल्याने गती वाढवली त्या क्षणी दुसरा ती तेवढीच कमी करतो आणि पिनियनपाशी पुन्हा एकसारखी गती पोचते. त्यासाठी दोन अटी पाळाव्या लागतात. पहिली, दोन्ही क्रॉसचे कोन सारखे हवेत. फरक एका अंशाच्या आतला. दुसरी, शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रांगेत हवेत. ही दुसरी अट तपासायला काहीच लागत नाही. गाडीखाली आडवं व्हायचं, हँडब्रेक ओढलाय ना याची खात्री करायची आणि नळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नजर टाकायची. नळीला वेल्ड केलेल्या पुढच्या योकचे दोन कान आडवे असतील, तर मागच्या स्लिप योकचे कानही तितकेच आडवे दिसले पाहिजेत. सर्व्हिसिंगला शाफ्ट उतरवताना खुणेचा पांढरा फराटा न मारता स्लिप जॉइंट उपसला आणि परत बसवताना एक-दोन दात इकडे-तिकडे झाले, की जगातले सगळे कोन बरोबर असूनही गाडी थरथरणार. मग लिफ्टला शिव्या पडतात.

कोनांचं गणित जीपला इतकं जाचतं कारण तिचा शाफ्टच आखूड. जुन्या सीजे 3 बी जीपचा व्हीलबेस 80 इंच. त्यात इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस बसवल्यावर मागच्या शाफ्टला उरतं ते टीचभर अंतर. अर्ध्या मीटरच्या शाफ्टवर 75 मिलिमीटरची लिफ्ट केली तर त्याचा उतार साडेआठ अंशांनी वाढतो. सव्वा मीटरच्या शाफ्टवर तीच लिफ्ट साडेतीन अंशांत भागते. अमेरिकेतल्या लांबलचक पिकअप ट्रकवर चार इंच बिनबोभाट चालतात म्हणून आपल्या जीपवरही चालतील, हा तर्क इथे पडतो. इंच तेच असतात, शाफ्ट तोच नसतो.

पुस्तिकेतलं मोजमापाचं प्रकरण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं आणि ते वाचकाने घाईत ओलांडू नये अशी माझी विनंती आहे. गाडी सपाट जागी स्वतःच्या चाकांवर उभी हवी, नेहमीचं ओझं जागच्या जागी हवं. चेसिसला जॅक लावून उचललेल्या गाडीचा ॲक्सल लोंबतो आणि मिळालेले आकडे निरुपयोगी ठरतात. आधी फरशीचाच उतार मोजून घ्यायचा. गॅरेजची फरशी पाणी निघून जावं म्हणून बहुधा उताराचीच असते. मग चुंबकाचा डिजिटल कोनमापक घेऊन तीन ठिकाणं गाठायची. ट्रान्स्फर केसच्या बाहेरच्या योकचा खरवडून स्वच्छ केलेला सपाट भाग, शाफ्टची नळी आणि पिनियनचा योक. आकडे तीनच, पण त्यांच्यातल्या वजाबाकीत गाडीची सगळी तब्येत असते.

लेखकाने दिलेलं आहे त्याच धर्तीचं एक उदाहरण घेतो. समजा ट्रान्स्फर केसचा योक मागे 4 अंश खाली झुकलेला आहे, शाफ्ट मागे 15 अंश उतरतो आहे आणि पिनियनचं नाक 4 अंश वर आहे. म्हणजे वरचा क्रॉस 11 अंशांत आणि खालचाही 11 अंशांत. कोन मोठे, पण जोडी जमलेली. आता याच गाडीला मागे लांब शॅकल लावलेले असतील, तर पाट्याचा मागचा डोळा खाली ढकलला गेल्याने पिनियन वर वळलेला सापडतो, समजा 8 अंशांवर. खालचा क्रॉस आता 7 अंशांत आला. गाडीखाली पाहणाऱ्याला वाटतं, वा, खालचा कोन सुधारला. प्रत्यक्षात 11 आणि 7 ची जोडी मोडली आणि या फरकामुळे उरलेला चढउतार कोणी भरून न काढता थेट पिनियनवर आदळू लागला. उपाय म्हणजे पिनियन खाली झुकवणारी चार अंशांची पाचर. दिसायला हा उलटा उपाय आहे आणि म्हणूनच तो करायला हात धजत नाही. दहातले आठ जण पाचर नेमकी दुसऱ्या बाजूने घालतात, पिनियन अजून वर करतात, आणि शाफ्ट पिनियनशी अगदी सरळ रेषेत आला म्हणून समाधानाने हात पुसतात.

या शेवटच्या प्रकारात खालच्या क्रॉसचं काय होतं तेही बघण्यासारखं आहे. कोन शून्य झाला की क्रॉसच्या वाट्यांमधल्या सुया हलतच नाहीत. सगळा भार त्याच त्या रेषांवर पडत राहतो. असा क्रॉस उघडला तर वाट्यांमधून ग्रीसऐवजी तांबडी भुकटी सांडते आणि क्रॉसच्या चारही खुंटांवर सुयांचे ओरखडे ओळीने उमटलेले असतात, नखाला अडकतील इतके खोल. क्रॉसला थोडा कोन हवाच, निदान अर्धा अंश. दुसरीकडे वरचा क्रॉस एकटाच सगळा कोन सोसत असतो.

पिनियन शाफ्टच्या रेषेत आणणं चूक नाही, पण ते वेगळ्या शाफ्टसाठी. ट्रान्स्फर केसच्या टोकाला दोन क्रॉस पाठोपाठ जोडलेला दुहेरी सांधा असेल, तर वरचा सगळा कोन ती जोडी आपसात वाटून घेते आणि खालच्या क्रॉससाठी भरून काढायला काही उरत नाही. मग पिनियन शाफ्टकडे रोखून ठेवायचा, मात्र एक-दोन अंश खालीच. पाट्याच्या गाडीत जोर लागला की ॲक्सल पीळ खातो आणि पिनियनचं नाक वर उठतं. ही सवलत त्यासाठी. इंजिनाचा शंभर न्यूटन-मीटरचा जोर पहिल्या गिअरमधून आणि ट्रान्स्फर केसच्या लो रेंजमधून शाफ्टवर पोचेपर्यंत सहज सात-आठशेच्या घरात जातो. चिखलात रुतलेल्या गाडीच्या मागच्या पाट्यांकडे बाजूला उभं राहून पाहिलं तर ते इंग्रजी एस अक्षरासारखे मुरडताना दिसतात.

पाचरींबद्दल थोडंसंच. पोलादाची घ्यावी; ॲल्युमिनियमची पाचर दाबाखाली चेपते, तडकते आणि एक दिवस सरकून बाहेर पडते. एकावर एक दोन पाचरी कधीच नाहीत. पाटा ॲक्सलच्या वर आहे की खाली यावर पाचरीचं जाड टोक पुढे की मागे हे उलटतं, त्यामुळे शेजारच्याची गाडी बघून बसवू नये. सहा अंशांच्या पुढे गरज लागली तर पाचर विसरून पाट्याची बैठकच कापून नव्या कोनात वेल्ड करावी. आणि पिनियन बराच वर वळवला असेल तर त्याच्या पुढच्या बेअरिंगला तेल पोचतं ना हे तपासून पातळी वाढवावी. ही तेलाची बाब फार थोडे मेकॅनिक सांगतात.

खरी गोची पुढच्या ॲक्सलला आहे. इथे एकाच हाउजिंगवर दोन कोन बसलेले असतात आणि एक सुधारायला गेलं की दुसरा बिघडतो.

पहिला कोन कास्टरचा. चाक ज्या उभ्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष वरच्या टोकाला थोडा मागे कललेला असतो. सायकलच्या पुढच्या फोर्कला असतो तसाच. या कलामुळे चाक जमिनीला टेकतं ती जागा वळण्याच्या अक्षामागून ओढली जाते आणि वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ होतं. अखंड ॲक्सलच्या जीपांत हा कल साधारण दोन ते सहा अंशांच्या दरम्यान ठेवलेला असतो. दुसरा कोन अर्थात पुढच्या पिनियनचा. तो मागे, ट्रान्स्फर केसकडे तोंड करून असतो.

जुन्या जीपांत आणि जिप्सीत पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं. समजा तिथे 50 मिलिमीटरनी लांब शॅकल घातलं. पाट्याचं मागचं टोक जागेवरच, पुढचं 50 मिलिमीटरनी खाली. मध्यावरच्या ॲक्सलला त्यातली निम्मीच, म्हणजे 25 मिलिमीटर उंची मिळते. पण 950 मिलिमीटरच्या पाट्यावर ॲक्सल तीन अंशांनी पुढे कलंडतो. एका इंचासाठी तीन अंश कास्टर गेला, म्हणजे काही गाड्यांत सगळाच गेला. स्वस्तातली लिफ्ट म्हणून शॅकल विकले जातात, पण पुढच्या बाजूला इतका महाग सौदा दुसरा नाही.

असा कास्टर हरवलेली गाडी गावातल्या रस्त्यावर छान हलकी वाटते. महामार्गावर मात्र ती भरकटते. कंटेनर शेजारून गेला की वाऱ्याने एक लेन सरकते, स्टेअरिंग सतत दुरुस्त करावं लागतं आणि वळणानंतर चाक हाताने परत आणावं लागतं. पुढची पायरी म्हणजे खड्डा लागताच दोन्ही चाकांनी डावी-उजवीकडे झटके देत नाचायला लागणं. जीपवाले याला डेथ वॉबल म्हणतात आणि ज्याने ते अनुभवलंय तो हे नाव अतिशयोक्त मानत नाही. त्याला ढिले किंगपिन बेअरिंग, झिजलेले टाय रॉडचे सांधे, बॅलन्स नसलेला टायर अशी बाकी कारणंही असतात. त्यावर स्टेअरिंग डँपर बसवून देण्याची जी पद्धत पडली आहे ती मला अजिबात मान्य नाही. डँपर लक्षण झाकतो. तो म्हातारा झाला की तेच दुखणं जास्त वेगाला परत येतं.

कास्टर परत मिळवायचा तर ॲक्सल मागे कलवायला हवा, आणि तसं केलं की मागे तोंड असलेला पिनियन खाली जातो. शाफ्टचा उतार तर लिफ्टने आधीच वाढलेला. आता क्रॉस आणखी वाकतो. अशा वेळी कोणाची बाजू घ्यायची? लेखकाचं उत्तर निःसंदिग्ध आहे आणि माझंही तेच: कास्टरची. कारण साधं आहे. आपल्या बहुतेक जीपांत पुढचा शाफ्ट फोर-व्हीलला टाकल्यावरच कामाला लागतो, तोही चिखलात, खडकांवर, ताशी दहा-वीसच्या वेगाने. हब मोकळे सोडता येत असतील तर एरवी तो फिरतही नाही. कास्टर मात्र ताशी ऐंशीला, मुलंबाळं मागे बसलेली असताना लागतो. ज्या गाड्या कायम चारही चाकांवर चालतात, जुनी लँड रोव्हर डिफेंडर किंवा लँड क्रूझर 80 सारख्या, तिथे मात्र ही पळवाट नाही. पुढचा शाफ्ट दर किलोमीटरला फिरतो, त्यामुळे तिथे दुहेरी सांध्याचा शाफ्ट आणि वर कास्टरची दुरुस्ती, दोन्हींचा खर्च गृहीत धरावा.

दोन्ही कोन एकाच वेळी बरोबर आणण्याचा एकच पक्का मार्ग आहे. ॲक्सलच्या टोकांचे नकल बसतात ते गोळे कापून काढायचे, हाउजिंग पिनियनच्या सोयीने फिरवायचं आणि गोळे कास्टरच्या कोनात परत वेल्ड करायचे. ऐकायला सोपं. डावी-उजवीकडे अर्ध्या अंशाचा फरक राहिला तरी गाडी आयुष्यभर एका बाजूला ओढते, आणि तो वेल्ड सुटला तर चाक निखळतं. हे प्रकरण पुस्तिकेत आहे, पण लेखकाने त्याच्या पहिल्याच ओळीत हे काम घरी करू नका असं बजावलं आहे, ते बरं केलं.

गुंडाळी स्प्रिंगच्या गाड्यांना, म्हणजे 2023 मध्ये आपल्याकडे विक्रीला आलेल्या जिम्नीसारख्यांना, वेगळी पण तशीच अडचण. तिथे पुढच्या ॲक्सलला दोन लांब दांडे घट्ट धरून असतात आणि त्यांची मागची टोकं चेसिसला. चेसिस 50 मिलिमीटर वर गेली आणि दांडा 800 मिलिमीटरचा असला, तर दांड्याबरोबर ॲक्सलही साडेतीन अंशांहून थोडा जास्तच कलंडतो. मध्य सरकवलेले बुश, दांड्यांचे माउंट खाली आणणारे ब्रॅकेट किंवा नवे वाकवलेले दांडे असे उपाय आहेत. शिवाय ॲक्सलला आडवा धरणारा पॅनहार्ड रॉड. तो एका टोकाला चेसिसला आणि दुसऱ्याला ॲक्सलला, त्यामुळे चेसिस वर गेली की ॲक्सल बाजूला ओढला जातो. 800 मिलिमीटरचा रॉड आधीच टोकांत 100 मिलिमीटरचा फरक घेऊन बसला असेल आणि वर 75 ची लिफ्ट केली, तर ॲक्सल जवळजवळ 13 मिलिमीटर सरकतो. एका बाजूचा टायर मडगार्डबाहेर डोकावतो तो त्यामुळे. लांबी जुळवता येणारा रॉड घातला की हे सुटतं. पण पुष्कळ जण रॉडचं एक टोक ब्रॅकेटने खाली आणून तो आडवा करतात आणि ड्रॅग लिंक तशीच तिरकी ठेवतात. मग खड्ड्यात चाक वर गेलं की रॉड एका वर्तुळात फिरतो, ड्रॅग लिंक दुसऱ्या, आणि हात न लावता स्टेअरिंग वळतं. ते दोघे समांतर राहिले पाहिजेत. हलवायचे तर दोन्ही हलवा, नाहीतर एकालाही हात लावू नका.

पाटे ॲक्सलखालून काढून ॲक्सलवर बसवण्याचा जो प्रकार जिप्सीवाल्यांना फार प्रिय आहे, त्यावरचं प्रकरण चांगलं सविस्तर आहे. पाच इंचांच्या आसपास उंची एका फटक्यात मिळते आणि मूळचे मऊ पाटे कामी येतात, हे खरं. बैठका नव्याने वेल्ड करायच्याच असतात, त्यामुळे कोन मनासारखे ठेवायची यापेक्षा चांगली संधी नाही. तरीही त्या नुसत्या नजरेने वेल्ड केलेल्या बघायला मिळतात. बैठका आधी टाके मारून ठेवाव्यात, गाडी चाकांवर उतरवावी, कोन मोजावेत, आणि मगच पूर्ण वेल्ड. पाट्यांचा पीळ या रचनेत वाढतो हे धरून मागे पीळ रोखणारा दांडाही लावावा. ड्रॅग लिंक पाट्याला लागते म्हणून ती झेडच्या आकारात वाकवून घेण्याची पद्धत आहे. मला ती जोर लागल्यावर लवचीक होणारी वाटते, पण लेखकाने तिच्या बाजूनेही लिहिलं आहे.

टॉर्शन बारच्या स्वतंत्र सस्पेन्शनवाल्या जुन्या थारसारख्या गाड्यांना पुस्तिकेत थोडकीच पानं आहेत. तिथे बारचा बोल्ट आवळून पुढचा भाग वर करतात. चाकाची खाली जाण्याची जागा त्यातच खर्च होते आणि आतले सांधे टोकाला जाऊन बसतात. तो विषयच निराळा आहे.

ब्रेकबद्दलचा इशारा मात्र कोणीही वगळू नये. मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला, ओझ्याप्रमाणे ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह ज्या गाड्यांत आहे, त्यांना लिफ्टनंतर गाडी रिकामी आहे असं वाटत राहतं आणि मागच्या ब्रेकला कायम कमी दाब मिळतो. ब्रॅकेट तितकंच खाली घ्यायचं, एवढंच काम आहे. तसाच इशारा कायद्याचाही आहे. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 गाडीतल्या फेरफारांवर बंधन घालतं आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. अपघातानंतर विम्याचा माणूस गाडीखाली वाकतो तेव्हा त्याला पाचर दिसते, हे लक्षात ठेवून वाचकाने आपलं आपण ठरवावं.

एका बाबतीत माझं आणि लेखकाचं जमत नाही. ट्रान्स्फर केस ठोकळे घालून खाली आणण्याचा उपाय त्यांनी स्वस्त आणि समाधानकारक म्हणून सुचवला आहे. शाफ्टचा उतार त्याने कमी होतो, नाही असं नाही. पण 75 मिलिमीटर उचललेल्या पोटाखालचे 25 परत द्यायचे, तेही नेमके त्या जागी जिथे गाडी बांधावर टेकते, हे मला पटत नाही. जिप्सीत तर ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सपासून सुटी, मधे एक छोटा शाफ्ट. ती खाली आणली की एकाऐवजी तीन शाफ्टांचे कोन नव्याने मोजावे लागतात. त्यापेक्षा लिफ्टच एक इंच कमी करा, असं मी त्यांना म्हटलं. त्यावर ते म्हणाले, गिऱ्हाईक माझ्याकडे येतं तेव्हा लिफ्ट झालेली असते आणि पैसे संपलेले असतात. दुहेरी सांध्याचा शाफ्ट घे म्हणून मी त्याला सांगू कसा? हा वाद त्यांच्या गॅरेजात अजून चालू आहे. प्रकरण मात्र त्यांनी आपल्या मताप्रमाणेच ठेवलं, आणि ते त्यांचं पुस्तक आहे.

वाचकाने पुस्तिका हाती घेतल्यावर पहिल्यांदा शेवटच्या पानाकडे जावं. तिथला रिकामा तक्ता लिफ्टच्या आधी भरायचा आहे. मूळ गाडीचे कोन एकदा हातून गेले की ते परत कुठून मिळत नाहीत आणि पुढची सगळी दुरुस्ती अंदाजाने करावी लागते. शेजारचा दुसरा रकाना काम झाल्या दिवशी भरायचा. तिसरा महिनाभराने, कारण नवे पाटे तोवर काही मिलिमीटर बसलेले असतात, यू-बोल्ट पुन्हा आवळायला आलेले असतात आणि पिनियन आपण सोडला तिथे बहुधा राहिलेला नसतो.